पुणे ते सॅन फ्रान्सिस्को: किती किलोमीटर, किती तास आणि घरातून निघायचं कधी

लांबच्या विमानप्रवासाला पहिल्यांदा निघालेल्या माणसाच्या हातात चार आकडे येतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. मोबाइल सांगतो, अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. मुलगी फोनवर म्हणते, ‘सोळा तासांची फ्लाइट आहे.’ तिकिटावर एकूण वेळ छापलेली असते २१ तास २० मिनिटं. आणि त्याच तिकिटावर पहाटे ४:३०ला सुटून त्याच दिवशी दुपारी १:२०ला पोचायचं असं लिहिलेलं असतं, म्हणजे जेमतेम नऊ तास! चारही आकडे बरोबर आहेत. मात्र त्यातला एकही घर ते घर प्रवासाचा नाही. तो आकडा ३१ तासांच्या आसपास निघतो आणि तो आपला आपणच काढावा लागतो.

खाली उदाहरण घेतलं आहे ते पुण्याहून मुंबई आणि दुबईमार्गे सॅन फ्रान्सिस्कोचं. वेळा नमुन्यादाखल आहेत. तुम्हाला टोरंटोला जायचं असो की सिडनीला, रीत हीच.

हाताशी काय असावं

हिशेबासाठी: ई-तिकिटाची छापील प्रत, वही-पेन, आणि मिळाला तर मुलांचा शाळेतला पृथ्वीगोल व दोरा. मोबाइलवर ग्रेट सर्कल मॅपर हे संकेतस्थळ अंतरासाठी आणि फ्लाइटरडार२४ प्रत्यक्ष उड्डाण पाहण्यासाठी.

प्रवासासाठी: परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट, व्हिसा, प्रवास विमा, औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी, आणि जिथे उतरणार तिथला पत्ता व फोन नंबर कागदावर लिहिलेला. मोबाइलमध्ये आहेच की, असं म्हणू नका. सतरा-अठरा तासांनी बॅटरी संपते ती नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत.

१. विमानतळ नेमका कोणता ते आधी पक्कं करा

अंतर शहरांमधलं नसतं, विमानतळांमधलं असतं. म्हणून शहराचं नाव सोडा आणि तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचा. पुणे म्हणजे पीएनक्यू, मुंबई बीओएम, दुबई डीएक्सबी, सॅन फ्रान्सिस्को एसएफओ.

इथे गफलतीला भरपूर जागा आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन असे बरेच विमानतळ आहेत. न्यूयॉर्कचं तिकीट म्हणून घेतलेलं विमान शेजारच्या राज्यातल्या नेवार्कला उतरतं. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. बर्मिंगहॅम इंग्लंडात आहे आणि अलाबामातही.

पुणेकरांसाठी यात आता नवी भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आणि त्याचा कोड एनएमआय आहे. तो पनवेल-उलव्याच्या बाजूला, जुना विमानतळ अंधेरी-सहारला. कॅबवाल्याला नुसतं ‘मुंबई एअरपोर्ट’ सांगितलं तर तो आपल्या अंदाजाने नेईल, आणि चुकलात तर मध्ये वाशीचा पूल आणि मानखुर्द-चेंबूरचं ट्रॅफिक आहे. जुन्या विमानतळावरही आंतरराष्ट्रीय उड्डाणं सहारच्या टर्मिनल २ वरून होतात. सांताक्रूझच्या बाजूचं टर्मिनल १ वेगळं आहे आणि तिथून इथे रस्त्याने किंवा मेट्रोने यावं लागतं.

२. सरळ अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावू नका. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे अमेरिका अटलांटिकपलीकडे, सरळ पश्चिमेला आहे असंच मनात बसतं. पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक पुण्यावर, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि दोरा ताणा. दोरा पश्चिमेला जातच नाही. तो वर उत्तरेकडे सरकतो आणि तिबेट, शिनजियांग, सायबेरिया, आर्क्टिक समुद्र, अलास्का असा फिरून खाली उतरतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा भरेल ३२ सेंटिमीटरच्या जरा आत, म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटर.

आकडेमोड करायची हौस असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, असा तिघांचा गुणाकार करा. दोन्ही उत्तरांची बेरीज करून कॅल्क्युलेटरवर उलटा कोसाइन काढला की अंशात कोन मिळतो. त्याला १११.२ने गुणलं की किलोमीटर. मुंबई–लंडन हीथ्रोसाठी पहिला गुणाकार ०.२५५८, दुसरा ०.१६८९, बेरीज ०.४२४७, कोन ६४.८७ अंश, अंतर ७,२१० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, एवढं बघा. रेडियनवर असेल तर काहीतरी भलतंच उत्तर येतं. यात पृथ्वी अगदी गोल धरली आहे. ती ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्यामुळे संकेतस्थळावरचा आकडा पाव-अर्धा टक्का वेगळा दिसला तर डोकं खाजवत बसू नका.

एककांचा घोळ मात्र सांभाळा. मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. पुणे–सॅन फ्रान्सिस्को १३,५४० किलोमीटर, म्हणजे सुमारे ८,४१० मैल किंवा ७,३१० सागरी मैल. विमान कंपन्या प्रवाशांशी मैलात बोलतात, वैमानिक सागरी मैलात, आणि आंतरजालावर दोन्ही आकडे नुसतं ‘माइल्स’ लिहून फिरत असतात.

आता मधल्या थांब्यांसह सरळ अंतरं पाहा:

पुणे–दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को: १,१६० + १२,३८० = १३,५४० किलोमीटर
मुंबई–दुबई–सॅन फ्रान्सिस्को: १,९३० + १३,०२० = १४,९५० किलोमीटर
मुंबई–फ्रँकफर्ट–सॅन फ्रान्सिस्को: ६,५७० + ९,१५० = १५,७२० किलोमीटर
मुंबई–सिंगापूर–सॅन फ्रान्सिस्को: ३,९२० + १३,५८० = १७,५०० किलोमीटर

पहिली ओळ पुन्हा वाचा. दिल्लीमार्गे गेलं तर अंतर वाढतच नाही, कारण दिल्ली पुणे–सॅन फ्रान्सिस्कोच्या सरळ रेषेवरच येते. पुण्याहून दोन्हीकडे जायची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे १५-१६ अंश. ‘आधी उलटं दिल्लीला कशाला जायचं?’ हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न नकाशापुरता तरी निकालात निघतो.

सिंगापूरचा फेरा चार हजार किलोमीटरचा पडतो. स्वस्त मिळालं म्हणून घ्या, पण जवळचं म्हणून नको.

३. विमान त्या रेषेवरून उडत नाही

घोडं इथे पेंड खातं. सरळ रेषा हा कमीत कमी अंतराचा आकडा आहे. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून काही टक्के तरी लांब होतं. कारणं तीन.

पहिलं, डोंगर. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर लटकणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन पंधरा-वीस मिनिटांपुरताच असतो. तिबेटच्या पठारावर जमीनच त्याहून उंच आहे. म्हणून दिल्लीहून निघालेलं विमान सरळ उत्तरेला घुसत नाही, पठाराला वळसा घालतं.

दुसरं, हवाई हद्दी. २०२२ पासून युरोप, अमेरिका, कॅनडाच्या कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, आणि नंतर महिन्यामहिन्याने ती मुदत वाढत गेली. त्यामुळे त्याच मार्गावर, त्याच जातीच्या विमानाला, दोन कंपन्यांचे तास वेगळे दिसतात. जुन्या ब्लॉगवरचे उड्डाणाचे तास म्हणूनच बिनकामाचे. २०२१ चा आकडा तुमच्या तिकिटाला लागू पडत नाही.

तिसरं, वारा. याच्यासाठी पुढचा मुद्दा.

४. उड्डाणाचे तास

मोठी विमानं उंचीवर गेल्यावर ताशी साधारण ९०० किलोमीटरने जातात. पण धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं यात वेग कमी असतो. म्हणून सोपा ठोकताळा असा: किलोमीटरला ८५०ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

दुबई–सॅन फ्रान्सिस्को: १३,०२० भागिले ८५० म्हणजे १५.३ तास. अर्धा तास मिळवून १५ तास ५० मिनिटं. तिकिटावरही याच्याच आसपास आकडा दिसतो. मुंबई–दुबई: पावणेतीन तास निघतात, तिकिटावर तीन किंवा सव्वातीन असतात. छोट्या उड्डाणांना हा ठोकताळा थोडा कमी पडतो, कारण मुंबईच्या धावपट्टीपाशी रांगेत घालवलेली वीस मिनिटं तीन तासांत जास्त जाणवतात, सोळा तासांत कमी.

तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. कंपन्या त्यात थोडी सैल वेळही धरतात, म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमानही पुष्कळदा वेळेवर पोचतं. मुलीने सांगितलेले ‘सोळा तास’ हे फक्त मोठ्या टप्प्याचे. त्याआधीचे मुंबई–दुबईचे तीन तास तिच्या हिशेबात नव्हते.

आता वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मुख्यतः मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. लंडनहून न्यूयॉर्कला जाताना आठ तास लागतात, येताना सात. याच वाऱ्यापायी २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे आधीपेक्षा लांब, पण पाठीवर वारा असल्यामुळे साडेचौदा तासांत पोचायला लागली. कमी किलोमीटर म्हणजे कमी तास, असं डोळे झाकून धरू नका.

वापरायचं असं: ठोकताळ्याने आलेल्या वेळेत युरोपकडे जाताना अर्धा ते पाऊण तास मिळवा, येताना काही मिळवू नका. मग फ्लाइटरडार२४ वर तुमच्या उड्डाणाचा क्रमांक टाकून गेल्या आठवड्यात ते प्रत्यक्ष किती वाजता उतरलं ते पाहा. सात दिवसांचं हे चित्र कुठल्याही सूत्रापेक्षा खरं.

५. सगळं एकाच घड्याळावर आणा

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेतून वजा केलीत की संपलं. उपाय एकच: सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत लिहा.

भारताच्या तुलनेत:
दुबई: दीड तास मागे
सिंगापूर: अडीच तास पुढे
लंडन: हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे
न्यूयॉर्क: हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे
सॅन फ्रान्सिस्को: हिवाळ्यात साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा तास मागे

अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हेच मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. मधल्या काही दिवसांत एकीकडचं घड्याळ बदललेलं असतं, दुसरीकडचं नाही. मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरअखेर प्रवास असेल तर पाठ केलेला फरक वापरू नका, त्या तारखेचा काढा.

आपलं उदाहरण, उन्हाळ्यातली १५ तारीख:

मुंबईहून सुटणार १५ तारखेला ४:३०. भारतीय वेळ तीच.
दुबईला पोचणार तिथल्या ६:००ला. भारतात ७:३०. उड्डाण ३ तास.
दुबईहून सुटणार तिथल्या ८:३०ला. भारतात १०:००. थांबा अडीच तास.
सॅन फ्रान्सिस्कोला पोचणार तिथल्या १५ तारखेच्या दुपारी १:२०ला. भारतात १६ तारखेच्या पहाटेचे १:५०. उड्डाण १५ तास ५० मिनिटं.

४:३० पासून दुसऱ्या दिवशी १:५० पर्यंत २१ तास २० मिनिटं. तिकिटावरच्या आकड्याशी ताळा जुळला. जुळला नाही तर कुठेतरी अर्ध्या तासाचा फरक विसरलात असं समजा. आपली वेळ जगाच्या पूर्ण तासांपासून अर्ध्या तासाने हटलेली असल्यामुळे ही चूक हमखास होते.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी हा भारतीय वेळेचा कागद डॉक्टरांना दाखवावा आणि कुठली गोळी, किती इन्सुलिन कधी घ्यायचं हे त्यावरच लिहून आणावं. विमानात जेवण भलत्याच वेळी येतं, त्यावर औषधाची वेळ ठरवणं धोक्याचं.

६. मध्यरात्रीनंतरची तारीख

मुंबईहून जाणारी पुष्कळ आंतरराष्ट्रीय विमानं रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात सुटतात. तिकिटावर ‘१५ तारीख, ४:३०’ असेल तर घरातून निघायचं १४ तारखेच्या संध्याकाळी. वाचताना ‘एवढं काय त्यात’ वाटतं. तरीही १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन विमानतळावर पोचणारी कुटुंबं असतात, आणि त्यांचं विमान वीस तासांपूर्वी गेलेलं असतं.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर १५ च्या चौकटीत काही लिहू नका. १४ च्या चौकटीत ‘रात्री ८:३० निघणे’ लिहा. कॅब सांगतानाही वार, तारीख आणि ‘आज रात्री’ की ‘उद्या रात्री’ असं तिन्ही बोला. ‘पंधराच्या पहाटे’ म्हटलं की ड्रायव्हर पंधराला उठून निघतो.

पोचण्याच्या वेळेपुढे +१ किंवा +२ छापलेलं असेल तर उतरायची तारीख तेवढे दिवस पुढची. आपल्या उदाहरणात ते नाही, कारण पश्चिमेला जाताना विमान दिवसाबरोबर पळतं. परतीच्या तिकिटावर ते येईल.

७. मधला थांबा: अडीच तासांतले हातात किती?

दुबईत अडीच तास दिसतात. त्यातून वजाबाकी करा. विमान थांबल्यापासून मागच्या रांगेतला माणूस बाहेर पडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. पुन्हा सुरक्षा तपासणी, वीस ते चाळीस. पुढच्या गेटपर्यंत चालणं किंवा आतली ट्रेन, वीस. अमेरिकेच्या विमानात चढवायला सुटण्याच्या तासभर आधीच सुरुवात होते आणि गेट पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. चढवायला सुरुवात होईपर्यंत उरला फार तर अर्धा तास. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की पळापळ. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना अडीच तासांचा थांबा देऊ नका, साडेतीन ते पाच तासांचा घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. ती फुकट असते, मागायला संकोच नको.

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे दोन वेगळी तिकिटं. सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे पुढचं चुकलं तरी कंपनी पुढच्या विमानात बसवते आणि बॅगाही सहसा शेवटपर्यंत जातात. पुणे–दिल्ली एका कंपनीचं स्वस्तातलं आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को दुसरीचं, असं वेगवेगळं काढलंत तर मधली जबाबदारी पूर्ण तुमची. चार हजार रुपये वाचवायला जाऊन लाखभराचं तिकीट बुडतं. तसं करायचंच असेल तर मध्ये सहा तासांहून कमी ठेवू नका; डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात तेही कमी पडतात, तेव्हा आदल्या दिवशी पोचणंच शहाणपणाचं. दिल्लीत टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ यांच्यात काही किलोमीटर अंतर आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल ३ वरून सुटतात, हेही थांब्याच्या हिशेबात धरा.

सॅन फ्रान्सिस्को शेवटचं गाव नसेल, तिथून पुढे डॅलस किंवा डेन्व्हरला जायचं असेल, तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे पाय ठेवता तिथेच इमिग्रेशन होतं. बॅगा पट्ट्यावरून स्वतः उचलून, कस्टममधून नेऊन, पुन्हा जमा कराव्या लागतात. तीन तासांखालचा थांबा तिथे घेऊच नका.

युरोपमार्गे जाताना विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. देशागणिक नियम वेगळे आहेत आणि ते बदलतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. ट्रॅव्हल एजंटचं ‘काही लागत नाही हो’ हे उत्तर पुरेसं नाही.

८. पुण्यातून निघायची वेळ उलटी मोजा

४:३० सुटण्याची वेळ.
३:३० बहुतेक कंपन्यांचा चेक-इन काउंटर बंद. काहींचा त्याआधीही, तिकिटावर पाहा.
१:३० सहारच्या दारात. बॅगा, इमिग्रेशन आणि सुरक्षा यांना मिळून तीन तास.
९:३० कोथरूडहून निघालात तर चार तासांत पोचाल, सगळं सुरळीत असेल तर.
८:३० म्हणून एक तास राखीव धरून निघा.

कोथरूडहून चांदणी चौकातून बाह्यवळणाला लागता येतं. हडपसर-खराडीकरांनी आणखी पाऊण तास धरावा. बाह्यवळणावर वाकड-हिंजवडीच्या तोंडाशी संध्याकाळी सहा ते आठ गाडी मुंगीच्या पावलाने सरकते, तेव्हा सातला निघून लवकर पोचू हा हिशेब फसतो. द्रुतगती मार्ग किवळे ते कळंबोली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. त्यातला लोणावळा-खंडाळा घाट हाच काय तो जुगार. शुक्रवारी संध्याकाळी गर्दी मुंबईहून आपल्याकडे येणारी असते. रविवारी संध्याकाळी ती परत जाते, म्हणजे नेमकी तुमच्या दिशेने. रविवारच्या किंवा जोडसुट्टी संपतानाच्या विमानासाठी दोन तास जास्त घ्या. पावसाळ्यात दरडीची भीती असते आणि कामासाठी कधी तासा-दोन तासांचा ब्लॉकही घेतात. निघण्याच्या दिवशी सकाळी बातम्यांवर नजर टाका.

खालापूरच्या फूड मॉलवर थांबायचंच असेल तर पंधरा मिनिटं. तिथला वडापाव आणि स्वच्छतागृहाची रांग मिळून पाऊण तास कसा जातो कळत नाही.

शिवनेरीने दादरला उतरून टॅक्सी करता येते, पण २३ किलोच्या दोन-दोन बॅगा असतील तर तो आटापिटा करू नका. एकट्या विद्यार्थ्याला चालेल.

पुण्याच्याच लोहगाव विमानतळावरून निघायचं असेल तर तिथून थेट आंतरराष्ट्रीय उड्डाणं मोजकीच आहेत आणि हंगामागणिक बदलतात. दिल्लीमार्गे एकाच पीएनआरवर जाणं हा चांगला पर्याय आहे. घाट टळतो, देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी पोचलं तरी पुरतं आणि इमिग्रेशन दिल्लीत होतं. मात्र हा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टीच्या कामासाठी उड्डाणांच्या वेळा बदलू शकतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर १६ ते २९ तारखेपर्यंत विमानतळ पूर्ण बंद होता. तिकीट काढल्यावर वेळ बदलल्याचा मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका. पुणे–दिल्लीची वेळ दोन तास सरकली तर दिल्लीतला थांबा मोडतो. तो मेसेज आल्या दिवशीच कंपनीला फोन करून पुढचं बदलून घ्या. बदल कंपनीने केला असल्यामुळे सहसा पैसे पडत नाहीत.

मग एकूण बेरीज: १४ तारखेला रात्री ८:३०ला कोथरूड सोडलं, सॅन फ्रान्सिस्कोला दुपारी १:२०ला उतरलं, इमिग्रेशन-बॅगा करून तीनला बाहेर. तेव्हा भारतात १६ तारखेच्या पहाटेचे ३:३०. बरोबर ३१ तास, त्यात हवेत १८ तास ५० मिनिटं.

९. परतीचं

येताना आकडे बदलतात. समजा, उन्हाळ्यातल्याच १५ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी ४:००ला निघालात. भारतात तेव्हा १६ तारखेच्या पहाटेचे ४:३०. दुबईपर्यंत १५ तास २० मिनिटं, तिथे साडेतीन तासांचा थांबा, पुढे मुंबईपर्यंत २ तास ५० मिनिटं. मुंबईत उतरणार १७ तारखेला रात्री २:१०ला. तिकिटावर +२ दिसेल. न्यायला येणाऱ्या गाडीला पुण्याहून १६ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला निघायला सांगा; इथे पुन्हा तोच तारखेचा सापळा आहे आणि या वेळी चुकणारा माणूस तुमच्यापासून तेरा हजार किलोमीटर दूर असतो, त्याला आठवण करायला तुम्ही हवेत असता. निघण्यापूर्वी तारीख, वार आणि उड्डाणाचा क्रमांक असा मेसेज घरी पाठवा. क्रमांक असला की विमान कुठवर आलं ते त्यांना घरबसल्या दिसतं.

दिल्लीमार्गे पुण्याला परतणार असाल तर बॅगांवर पुण्याचा टॅग असला तरी दिल्लीत पट्ट्यावरून उचला, कस्टममधून न्या आणि बाहेर पडताना पुण्याच्या विमानासाठी पुन्हा जमा करा. टॅगवर भरवसा ठेवून सरळ पुढच्या गेटला गेलात तर तुम्ही लोहगावला उतराल आणि बॅगा दिल्लीतच राहतील. या सगळ्याला तीन तास लागतात असं धरूनच परतीचं तिकीट काढा.